काचेच्या टोकावरचं कुंकू

कंपनीच्या मालकाला कंपनीच्याच दारातून आंघोळीसाठी घरी पाठवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. माझ्या नोकरीचा तो तिसरा दिवस होता. मालक दोन पाहुण्यांना घेऊन तपासणीची खोली दाखवायला आले, आणि तिथले तपासनीस, आमचे सर, दारात आडवे उभे राहिले. मालकांच्या मानेकडे बघून त्यांनी एकदा नाक ओढलं आणि म्हणाले, "आपण पावडर लावली आहे. घरी जाऊन आंघोळ करून या. पाहुण्यांना आत सोडतो, ते नुसतेच घामट आहेत." मालक चक्क गेले हो! मी हातातला ट्रे तसाच धरून उभी, की झालं, हा म्हातारा आज संध्याकाळपर्यंत काही टिकत नाही. दीड तासाने मालक ओल्या केसांनी परत आले, तर सरांनी केस वाळेपर्यंत त्यांना पुन्हा बाहेर बसवलं.

आता हे कसलं सोवळं, ते सांगायला हवं. तुम्ही फोनवर एआयला विचारता की थालीपीठ तव्यावर का तुटतं, आणि तो दोन सेकंदांत तुम्हाला शहाणपण शिकवतो. त्यामागे कुठेतरी एका अवाढव्य हॉलमध्ये हजारो कॉम्प्युटर एकमेकांशी अखंड बोलत असतात, आणि ते बोलणं चालतं प्रकाशातून. केसाएवढ्या काचेच्या तंतूंतून, म्हणजे फायबरमधून, हा प्रकाश इकडून तिकडे जातो. हडपसरला आम्ही त्या फायबरच्या जुड्या तयार करतो, टोकांना कनेक्टर बसवतो आणि ती टोकं घासून घासून आरशासारखी करतो. प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो जेमतेम नऊ मायक्रॉनचा, केसाच्याही दहाव्या भागाएवढा. पावडरचा एक कण त्यावर बसला तर पलीकडे अंधार. आणि अशी एक जोडणी रुसली की बाकीचे हजार कॉम्प्युटर हातावर हात ठेवून तिची वाट बघत बसतात.

सरांच्या दारावर पाटी होती: "येथे हवासुद्धा गाळून येते. आपण कसे आलात?" पाटीचं अक्षर त्यांचंच, आणि टोमणाही. माझं माहेर बुधवार पेठेतलं, त्यामुळे टोमण्यांची मला लहानपणापासून सवय. पण सरांनी पहिल्या आठवड्यात माझ्या ओढणीला "हे आपलं धाग्यांचं दुकान" म्हटलं, तेव्हा मीही गप्प झाले. सफाईवाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना ते 'आपण' म्हणायचे आणि अपमानही तितक्याच आदराने करायचे.

राहायला खडकीला. उमेदीची सगळी वर्षं दुर्बिणींची भिंगं घासण्यात गेलेली, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या मालकांनी त्यांना शेवटच्या तपासणीच्या टेबलावर आणून बसवलं. रोज दोन बस बदलून यायचे, तेही दोन शर्ट घेऊन. एक रस्त्याचा, एक कामाचा. रस्त्याचा शर्ट पिशवीत बांधून बाहेरच्या खुंटीला लटकायचा. एकदा कुणीतरी भलेपणाने ती पिशवी आत आणून ठेवली, तर सरांनी सगळ्यांना बाहेर काढून खोली धुवायला लावली आणि त्या दिवशी एकही कनेक्टर तपासला नाही.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान तीन शब्दांचं. बघा, पुसा, बघा. आधी टोक मायक्रोस्कोपखाली बघायचं, मग पुसायचं, आणि पुसलं म्हणून विश्वास न ठेवता पुन्हा बघायचं. आमच्या धंद्यात हा नियम सगळेच पाळतात, निदान भिंतीवर लावतात. सरांनी तो जगण्यालाच लावला होता. कँटीनमध्ये ताट बघायचे, पुसायचे, परत बघायचे आणि मग वाढणाऱ्याकडे असं बघायचे की बिचाऱ्याच्या हातून आमटी सांडायची. माझं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन गेले, तर म्हणाले, "मुलगा एकदाच बघितलात? धाडसी आहात." आणि पेढा बाहेर नेऊन खाल्ला.

कण ते वाचायचे. मायक्रोस्कोपला डोळा लावला की त्यांना आमची दिनचर्या दिसायची. ही कातडी, हा सुती धागा, हे बोटाचं तेल, आपण वेफर्स खाल्लेत. गणपती विसर्जनानंतरचा आठवडा म्हणजे तर आमची परीक्षाच. गुलाल तीन आंघोळींनी जातो असं त्यांचं मत होतं, आणि तिसरी आंघोळ झाल्याचं प्रत्येकाला दारात उभं राहून सांगावं लागायचं. गुलाल आणि कुंकू दोन्ही लाल, पण सरांना नुसत्या दाण्यावरून फरक कळायचा. मी त्यांना टरकून असायचे आणि मनातून त्यांची भक्तच होते. त्यांच्या टेबलावरून गेलेला माल कधी परत आला नव्हता.

त्यांच्या घरी कोण आहे, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. गेल्या जानेवारीत त्यांनी एक दिवस रजा घेतली, अर्जात कारण लिहिलं 'घरगुती'. आमच्यासाठी तीच मोठी बातमी. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी हजर. फरक एवढाच, की त्यांचं एक जुनं भिंग होतं, मायक्रोस्कोपच्या आधी ते त्यातून टोक बघायचे; ते इतकी वर्षं प्लॅस्टिकच्या डबीत असायचं, ते आता फिरकीच्या झाकणाच्या एका गोल चांदीच्या डबीत आलं. आम्ही आपापसात म्हटलंसुद्धा, चला, म्हाताऱ्याला कुणीतरी भेट दिली.

आता मावशींबद्दल. मावशी कंपनीच्या पहिल्या दिवसापासूनच्या. हडपसरच्या पलीकडे त्यांचं गाव. गाव आता नावालाच, ज्या वावरात त्यांनी ज्वारी काढली तिथे काचेच्या इमारती उभ्या आहेत. टोक घासण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवऱ्याचं अर्धं अंग गेलेलं, दोन वर्षं तो अंथरुणावर, आणि घर, औषधं, सगळं मावशींच्या पगारावर. बाकीच्या बायका कामावर टिकली लावून यायच्या. मावशी एकट्या कुंकू लावायच्या, मेणावर दाबून, चांगलं रुपयाएवढं. सरांनी त्यांना चार-पाच वेळा टिकली लावा म्हणून सांगितलं होतं, आणि मावशींनी तितक्याच वेळा हसून मान हलवली होती.

मार्चमध्ये माल परत आला. आमचा सगळ्यात मोठा ग्राहक, ज्याच्या एआयच्या नव्या हॉलसाठी आम्ही वर्षभर पुरवठा करणार होतो, त्याने दोन जुड्या परत पाठवल्या. सोबत मायक्रोस्कोपचा फोटो. गोल करड्या टोकावर, बरोबर गाभ्याला चिकटून, एक लाल कण. पुन्हा असं झालं तर ऑर्डर रद्द, असं त्यांनी लिहिलं होतं. सरांनी फोटो बघितला आणि त्यांच्या तोंडून एकच शब्द आला, कुंकू.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं. सर घासण्याच्या विभागात गेले आणि सगळ्यांसमोर मावशींना म्हणाले, "आपण कुंकू पुसा, नाहीतर घरी थांबा."

यंत्रं चालू होती, पण घासणारे सगळे हात थांबले. नवरा अंथरुणाला खिळलेला असताना बाईला कुंकू पुसायला सांगायचं! मावशी उठल्या. म्हणाल्या, "मेणावर लावते साहेब, उडत न्हाई. बघा तरी." सरांनी बघितलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसरं काही केलं नाही, त्याने त्या एका वेळी मात्र बघितलं नाही. मावशी म्हणाल्या, "माजा मालक हाय अजून, साहेब. मी न्हाई पुसायची." त्यांनी कामाचा झगा काढला, घडी घातली, स्टुलावर ठेवला आणि निघून गेल्या. कंपनीच्या मालकांनी दुसऱ्या दिवशी ग्राहकाला कळवून टाकलं की संबंधित कामगाराला बाजूला केलं आहे.

आणि मी काय केलं? काही नाही. घरी जाऊन नवऱ्यासमोर सरांना शिव्या घातल्या आणि सकाळी पुन्हा त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मावशींना एक फोनसुद्धा केला नाही. मनात कुठेतरी असंही होतं, की सर म्हणतात तर असेल बाई, सर कधी चुकलेत? हे कबूल करताना मला आजही लाज वाटते.

तीन आठवड्यांनी पुन्हा लाल कण सापडला. या वेळी नशीब म्हणायचं, माल दारातून बाहेर पडायच्या आत, खोक्यांतून सहज काढून बघितलेल्या एका जुडीत. मावशी तीन आठवडे घरी, मग हे कुठून आलं? सरांचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी जे सुरू केलं त्याला छळ हाच शब्द आहे. हवेची गाळणी बदलली, मनगटातले गंडेदोरे कापायला लावले, देवळात जाऊन येणाऱ्यांची यादी केली, शिपायाच्या नव्या सुनेची चौकशी केली. कण येतच राहिले. रोज नाही, पण आठवड्याला एक-दोन.

मी शेवटी सरांनी शिकवलं तेच केलं, बघत बसले. हे कण मधल्या टप्प्यांवर कुठेच सापडत नव्हते, सापडायचे ते टोपण बसवून बंद झालेल्या कनेक्टरवरच. म्हणजे शेवटच्या टेबलावर, सगळं बघून झाल्यावर, टोपण लावताना. तिथे हात फक्त एका माणसाचा. हे लक्षात आलं. मी दोन दिवस स्वतःलाच वेड्यात काढलं. तिसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघून झाल्यावर सरांनी भिंग डबीत ठेवलं, झाकण फिरवून बंद केलं आणि कनेक्टरला टोपण लावलं, तेव्हा त्यांच्या निळ्या हातमोज्याच्या अंगठ्यावर मला केसाएवढी लाल रेघ दिसली.

त्यांनी टाकलेला तो हातमोजा मी उचलला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. मग म्हटलं, "सर, हे जरा बघता का?" त्यांनी डोळा लावला. मग डोळा न काढताच त्यांनी विचारलं, "कुणाचा?" मी म्हटलं, "आपला."

त्यांनी खिशातली डबी काढून टेबलावर ठेवली, झाकण उघडलं आणि माझ्याकडे सरकवली. झाकणाच्या फिरकीच्या आट्यांत बारीक लाल चूर्ण बसलेलं होतं. आत आरसा. मी बुधवारातली मुलगी, असले करंडे आमच्या आईच्या कपाटात तीन आहेत, आणि इतके महिने माझ्या नाकासमोर तो कुंकवाचा करंडा होता! सर म्हणाले, "माझ्या पत्नीचा आहे. जानेवारीत ती गेली."

जानेवारीतली ती एक दिवसाची रजा.

मग ते म्हणाले, "आत कुंकू राहिलंय, हे मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. पुसवलं नाही."

मी त्यांच्यावर ओरडले. हो, सरांवर, त्यांच्या त्या देवघरासारख्या खोलीत. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही त्या बाईला घालवलंत, असं मी म्हणाले. ते म्हणाले की ही डबी मनात आलीच नाही, कुंकू म्हटल्यावर त्यांना फक्त मावशींचं कपाळ दिसलं. आणि हे ते खोटं बोलत नव्हते. मला तेच जास्त भयंकर वाटलं. रडू आलं मला, रागाने आलं की कशाने ते अजून ठरवता येत नाही. सर उठले, झगा काढला आणि म्हणाले, "त्यांचा पत्ता घ्या. आत्ता जायचं."

आम्ही रिक्षाने गेलो. इमारतींच्या मागच्या बाजूला गावाची उरलेली आळी, तिथे मावशींचं घर. दाराबाहेर चपलांचा ढीग बघून मी जागीच थबकले. आत कोपऱ्यात दिवा लावलेला, शेजारी ताटात पीठ पसरलेलं. मावशींचे मालक पाच दिवसांपूर्वी गेले होते. आम्हाला कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवायचं तरी कशाला?

मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळ कोरं. इतकी वर्षं मी ते कपाळ कुंकवाशिवाय पाहिलंच नव्हतं. क्षणभर मला त्या ओळखूच आल्या नाहीत. सर चटईवर बसले. ज्या माणसाने कधी खुर्चीसुद्धा न पुसता वापरली नाही, तो तसाच जमिनीवर बसला. म्हणाले, चूक माझी होती, कुंकू माझ्या खिशातलं होतं, आपला काही दोष नव्हता, आपण कामावर या.

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. म्हणाल्या, "येते की साहेब. आता काय अडचन न्हाई. पुसलंय."

मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. बाहेरून कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता. आता सर उठतील, हात जोडतील आणि आम्ही निघू, असं मी धरून चालले होते. पण हा माणूस साधं सरळ काही करेल तर ना! ते म्हणाले, "नाही. आपण कुंकू लावून या."

सुतकाच्या घरात, पाच दिवसांच्या विधवेला! बायकांनी पदर तोंडाला लावले. मावशींचे दीर ताडकन उठले आणि सरांच्या अंगावर आले, की काय बोलताय, कळतंय का तुमाला. मी सरांचा दंड धरला. ते जागचे हलले नाहीत. मावशींकडेच बघत होते.

"माझी बायको गेली," ते म्हणाले, "तेव्हा मला कुणी काही पुसायला सांगितलं नाही."

दीर तसेच उभे राहिले. सरांचे डोळे भरले होते आणि ते पुसत नव्हते.

मावशी उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तवा पुसा म्हनला. आता लावा म्हनताय. माजं कपाळ हाय, साहेब. त्येचं काय करायचं त्ये मी ठरवीन. तुमी जावा आता."

दुसऱ्या दिवशी सरांनी ग्राहकाला स्वतः पत्र लिहिलं: दोष अंतिम तपासनीसाच्या खिशातल्या डबीचा, कामगाराचा नव्हे, आणि खाली स्वतःचं नाव. मालक हातापाया पडले, की नाव कशाला, यंत्रातला दोष लिहा. सरांनी एक शब्द बदलला नाही. ऑर्डर रद्द झाली नाही, निम्मी झाली. सरांनी महिनाअखेरीचा राजीनामा दिला, आणि जायच्या आधी शिंप्याकडून पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या शिवून आणल्या. प्रत्येकाने टोपीखाली कपाळभर बांधायची, बाईने, पुरुषाने, मालकानेसुद्धा. एवढंच लागत होतं! एक वीतभर कापड. हे पहिल्याच दिवशी सरांना सुचायला हवं होतं, मला सुचायला हवं होतं. आम्ही नऊ मायक्रॉन बघणारी माणसं, आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही.

तेरावं उरकून चौदाव्या दिवशी मावशी कामावर आल्या. डोक्यावरचा पदर भुवयांपर्यंत ओढलेला होता. सर दाराशीच उभे होते. मावशींनी त्यांच्या हातातून पट्टी घेतली, भिंतीकडे तोंड केलं, पदराच्या आतून पट्टी कपाळावर बांधली आणि मग पदर डोक्यावरून खाली घेतला. सरांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. पट्टीखाली काय असतं, हे मला अजून माहीत नाही. ते विचारायचा हक्क मी मावशी घरी होत्या त्या दिवसांत गमावून बसले आहे.